ताईच्या विहिरीचं पाणी

विहिरी आटायला लागल्या की पाण्याच्या मोटारी जळतात आणि मोटारी जळल्या की शेठचं दुकान भरतं. यात शेठचा काय दोष? पण गावाला गंमत सुचायला कुणाचा दोष असावा लागतो थोडाच! "दुनियेची मोटार जळते तेव्हा शेठची चूल पेटते," असं कुणीतरी एकदा चहाच्या टपरीवर म्हणालं आणि ते वाक्य गावभर झालं. त्याच्या तोंडावरही म्हणायचे. शेठ हसायचा. आतून कसंतरी व्हायचं त्याला, पण हसायचा. धंद्याला बसलेल्या माणसाला हसण्यावाचून गत्यंतर नसतं.

त्या उन्हाळ्यात तर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दारापासून आतल्या भिंतीपर्यंत मोटारी रचलेल्या. कुणाची पाणबुडी, कुणाची काठावरची, सगळ्या चिखलाने वाळून पांढऱ्या झालेल्या. जळालेल्या वार्निशचा वास कपड्यांत, केसांत, जेवणातसुद्धा. कारागीर खाली बसून छिन्नीने जुनं वाइंडिंग कापायचे, चिमट्याने काळ्या तारांचे झुबके उपसून काढायचे. शेठ स्वतः लाकडी फर्म्यावर नवी तार गुंडाळायचा. आता पोट सुटलं होतं, केस पिकले होते, तरी तारेला हात लागला की बोटं पोरासारखी पळायची. मोटार भरणं हे त्याचं पहिलं काम आणि अजूनही सगळ्यात आवडतं काम. बाकीचा कारभार, म्हणजे देणीघेणी, नोकरचाकर आणि गावकीच्या पंचायती, हा मागाहून गळ्यात पडलेला.

हा माणूस काही सोन्याचा चमचा तोंडात घेऊन जन्मला नव्हता. आई लवकर गेली, बापाचा पत्ता नाही. थोरल्या बहिणीने त्याला काखेत घेऊन वाढवला आणि लग्न होऊन या गावात आली तेव्हा पाठोपाठ त्यालाही घेऊन आली. दाजी भला माणूस. तो म्हणाला, "रस्त्याकडेचा तुकडा नाहीतरी खडकाळ आहे. तिथं गवतसुद्धा धड येत नाही. तुझ्या भावाला देऊन टाक, टाकू दे काय दुकान टाकायचं ते." त्या खडकावर आधी चार बांबू आणि पत्रा उभा राहिला, मग भिंती आल्या, मग वर माडी आली. दुकान मोठं झालं तसा बारक्याचा शेठ झाला.

दुकानाच्या मागे त्याने बोअर मारला, तोही खोल, गावात दुसऱ्या कुणाला परवडला नसता असा. पाणी लागलं ते असं लागलं की मशीनवाल्याची टोपी उडाली. त्या दिवशी शेठ चिखलात उभा राहून रडला होता. सगळ्यांसमोर. लहानपणी एका कोरड्या वर्षी ताई त्याला घेऊन एका बागायतदाराच्या विहिरीवर गेली होती, तेव्हा गड्याने तिची भरलेली घागर पायाने लवंडली होती. पाणी मातीत जिरताना तो ताईच्या मागे उभा राहून बघत होता.  ताई रिकामी घागर उचलून चालू लागली होती. ते त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

म्हणून बोअर लागल्यावर त्याने पहिलं काय केलं, तर रस्त्याच्या बाजूला उंच टाकी बांधली आणि भिंतीला नळांची रांग बसवली. कुणीही यावं, केव्हाही यावं, भरून न्यावं. कुलूप नाही, पैसा नाही, विचारणं नाही. रंगारी नाव टाकायला आला तेव्हा शेठने ताईला विचारलं. ती म्हणाली, "आईचं टाक." मग नळांच्या वर मोठ्या निळ्या अक्षरांत नुसतं 'आई' एवढंच लिहिलं. आणि टाकी कधी रिकामी राहू नये, लाईट गेली आणि आली तरी कुणाला ताटकळावं लागू नये, म्हणून बोअरची मोटार त्याने ऑटोवर टाकली. लाईट आली की आपोआप चालू. स्वतःच्या हाताने बसवला होता तो स्विच. त्याचा त्याला फार अभिमान होता.

तर अशा त्या भर उन्हाळ्यात एका सकाळी दुकानासमोर हातगाडी थांबली.

"बारक्या, आहेस का रे?"

या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं. शेठ तारेचं रीळ ठेवून उठला. ताई हातगाडीच्या दांडीला टेकून उभी होती, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, चेहरा उन्हाने रापलेला. मागून भाची गाडी ढकलत आली होती. गाडीत पोत्यावर ताईची पाणबुडी मोटार.

"मध्येच बंद पडली," ताई म्हणाली. "बघ जरा."

गिऱ्हाइकं बसलेली होती. शेठने मोटार खाली घेतली, झाकणाचे नट सोडले, आणि झाकण निघताच तो ओळखीचा वास आला. आत सगळं काळं. त्याने बोट फिरवून काजळी दाखवली.

"ताई, कोरडी चालवलीस."

"नाही रे."

"नाही काय? हे बघ ना! पाणी नसताना चालवली की अशी होते. गावाला सांगून सांगून माझ्या जिभेला फोड आले आणि माझ्याच घरात हा प्रकार! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"पाणी होतं. बघूनच बटण दाबलं होतं मी."

"मग गेलं कुठं? पंख फुटले त्याला?"

बाकावरची माणसं खो खो हसली. एकजण म्हणाला, "शेठ, बहिणीला तरी सूट द्या!" भाचीने मामाकडे असं पाहिलं की तो नजर चुकवून परत मोटारीत डोकावला.  ताईने मात्र फडक्याने तोंड पुसलं, "बरं, झाली की निरोप दे," म्हणाली आणि गाडी वळवून निघाली.

शेठने बाकीच्या मोटारी बाजूला सारल्या आणि ताईची हातात घेतली. नवी तार, इन्सुलेशनचा नवा कागद, वार्निशचे दोन हात. रागावलो ते बरं नाही केलं, असं त्याला दिवसभर वाटत राहिलं. पण कामाच्या रगाड्यात माणूस वाटतं ते सगळं बोलायला थोडाच जातो? मोटार घरपोच केली आणि तो विसरला.

काही दिवस गेले आणि हातगाडी परत आली. या वेळी भाची एकटी.

"मामा, परत जळली."

"आणि आई?"

"नाही आली. म्हणाली, चार माणसांत पुन्हा बोलून घ्यायची हिंमत नाही."

शेठच्या कानशिलांत रक्त चढलं. लाजेने. त्याने झाकणसुद्धा काढलं नाही, वासावरूनच कळलं. आता ताई काही वेडी नव्हती. एकदा सांगितलेली गोष्ट तिला दुसऱ्यांदा सांगावी लागत नसे. तो चपला घालून भाचीबरोबर निघाला.

दुकानामागच्या कुंपणापासूनच ताईचं रान सुरू व्हायचं. उताराला लिंबाची झाडं आणि सगळ्यात खाली विहीर. ही बाग दाजीने लावली होती आणि दोन बहार बघून दाजी गेला. तेव्हापासून ताईने घागरीने पाणी घालून एकेक झाड जगवलं होतं. मायलेकींचं पोट, अंगावरचं, औषधपाणी, भाचीच्या लग्नाचं जे काय व्हायचं ते, सगळं या झाडांवर. शेठने पैसे देऊ केले की ताई म्हणायची, "मला झाडं देतात की. तुझे तुझ्याजवळ ठेव."

आता झाडांची पानं पुंगळीसारखी वळली होती. कोवळी फळं सुपारीएवढी असतानाच गळून खाली पडली होती. चालताना ती पायाखाली करकर वाजत होती. ताई एका आळ्यात बसून, घरातली भांडी धुतलेलं पाणी डब्याने मुळाशी ओतत होती.

"आलास?" ती म्हणाली. "बस सावलीला."

"विहीर बघतो आधी."

"काय बघायचंय तिच्यात," ताई म्हणाली, पण तिने अडवलं नाही.

शेठ पायऱ्या उतरून खाली गेला. गुडघे कुरकुरत होते. तळाशी पाणी होतं. फार नव्हतं, पण मोटार बुडून वर उरेल इतकं होतं. म्हणजे ताई खरं बोलत होती. तो शेवटच्या पायरीवर बसला आणि खिशातल्या पेचकसाने पाण्याच्या रेघेवर दगडाला एक ओरखडा काढला. सवयच ती, मोजमाप घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

खाली गार होतं. वरून, दुकानाच्या बाजूने, टाकीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. हा आवाज त्याच्या फार आवडीचा. दुपारी आडवा झाला की तो ऐकतच डोळा लागायचा. ऐकता ऐकता त्याचं लक्ष ओरखड्याकडे गेलं. ओरखडा कोरडा झाला होता. पाणी त्याच्या खाली उतरलं होतं.

आता हे पाणी कोण ओढतंय? ताईची मोटार तर दुकानात जळून पडलेली. दोरी नाही, बादली नाही, विहिरीत माणूस म्हणाल तर एकटा तोच. त्याने दुसरा ओरखडा काढला. तोही डोळ्यांदेखत कोरडा झाला.

तेवढ्यात लाईट गेली. टाकीत पडणारं पाणी थांबलं आणि सगळीकडे चिडीचूप झालं. मग त्या शांततेत समोरच्या कपारीतून झरा वाजायला लागला. आधी टिपटिप, मग अंगठ्याएवढी धार. पाणी चढलं. खालचा ओरखडा बुडाला, वरचाही बुडाला.  'नको,' तो मनात म्हणाला, 'नको, नको.' तो तसाच बसून राहिला. बऱ्याच वेळाने लाईट आली. ऑटोने आपलं काम चोख बजावलं. टाकीत धो धो पाणी पडायला लागलं आणि इथे कपारीतली धार बारीक होत होत थांबली. पाणी पुन्हा पहिल्या ओरखड्याखाली गेलं. मग दुसऱ्याखाली.

ज्या आवाजावर त्याला इतकी वर्षं सुखाची झोप लागत होती, तो ताईचं पाणी जात असल्याचा आवाज होता. शेठ एकेका पायरीवर थांबत चढला. वर आला तेव्हा भाचीने विचारलं, "काय झालं मामा? तब्येत बरी नाही का?"

"ऊन लागलं," तो म्हणाला. ताईकडे बघायचं धाडस झालं नाही. तसाच कुंपण ओलांडून घरी आला.

बायकोला त्याने सांगितलं. ती स्वयंपाकघरात भाजी निवडत होती, तिचा हात थांबला.

"कुणाला बोलू नका," ती म्हणाली.

"अगं पण ताईची बाग चाललीय!"

"मला कळत नाही का? पण बोअर बंद केलात तर गाव दारात येईल. बाकीच्या सगळ्या विहिरींनी तळ गाठलाय. माणसं पिणार काय?"

"आणि नाही बंद केला तर?"

 इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. ही म्हण कुणी काढली असेल त्याला असंच काहीतरी भोगावं लागलं असणार.

दुसऱ्या दिवशी शेठने ऑटो बंद केला. सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ, एवढंच पाणी सोडायचं ठरवलं. बाकी वेळ बोअर बंद, म्हणजे विहिरीला दम घ्यायला उसंत. हिशोब चांगला होता. पण तहानेला हिशोब कळत असता तर काय हवं होतं! दुपार व्हायच्या आत नळांसमोर भांड्यांची रांग लागली. बादल्या, डबे, कॅन, घागरी. वाऱ्याने उडू नये म्हणून प्रत्येकात एकेक दगड ठेवलेला. कुणाचं भांडं कुणाच्या पुढे सरकलं यावरून बायकांत जुंपली. दोघींच्या झटापटीत एकीची घागर रस्त्यावर पडली आणि पायाखाली चेपली. शेठ माडीवरून बघत होता. भांड्यावर पाय पडलेला बघून तो जिना उतरून खाली आला.

समोरच्या दुकानातला टेलर गळ्यात टेप घेऊनच रस्ता ओलांडून आला. गावाच्या वतीने बोलायचा मक्ता कायम त्याच्याकडे.

"शेठ, काय ऐकतोय? वर चढलात आणि शिडी ओढून घेता होय?"

"तसं नाही. जरा आत या, सांगतो."

"इथंच सांगा की. लपवण्यासारखं काय आहे?"

शेठने सांगितलं. सरळ सांगितलं की बोअर चालला की ताईची विहीर उतरते, डोळ्यांनी बघितलंय. रांगेतली माणसं भोवती जमली. 

"वाईट आहे," टेलर म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, वाईट माणूस नव्हता तो. "पण शेठ, तुम्हीच सांगा. एकीकडे झाडं, एकीकडे माणसं. झाडं परत लावता येतात."

शेठला म्हणायचं होतं, की अरे, ती झाडं म्हणजे पण दोन माणसंच आहेत.  पण रांगेच्या टोकाला एक बाळंतीण उभी होती, मूल खांद्यावर, हातात रिकामी बादली. ती भांडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "शेठ, हे बंद असल्यावर मी कुठं जाऊ?"

शेठ आत गेला आणि ऑटो चालू केला. टाकी वाजायला लागली. बाहेर माणसांनी आनंदाने भांड्यांतले दगड काढून टाकले. कुणीतरी म्हणालं, "देवमाणूस आहे!" ते ऐकून शेठला वाटलं, आत्ता कुणीतरी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्याने दुसरी युक्ती केली. पाणी टाकीतूनच ताईला द्यायचं. सगळं नाही, झाडं जीव धरून राहतील इतकंच. त्याने कारागिरांना घेऊन कुंपणाखालून पाइप टाकला, बागेच्या वरच्या आळ्यापर्यंत नेला. पहिल्या संध्याकाळी पाणी आळ्यात उतरलं तेव्हा भाची टाळ्या पिटत नाचली. ताई झाडाजवळ उभी होती.

"पुरेल ना ताई?"

"पुरेल," ती म्हणाली. "पण हे लोकांच्या तोंडचं आहे रे."

"तुझंच आहे," शेठ म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

सकाळी पाइप कापलेला होता. एका जागी नाही, चार ठिकाणी, करवतीच्या पात्याने, सरळ आणि सफाईदार. शेठ खाली बसून ती कापलेली तोंडं बघत राहिला. कोणी कापला हे कुणी सांगणार नव्हतं. त्याने विचारलंही नाही. नळावर माणसं होती, नेहमीसारखी, "राम राम शेठ" म्हणणारी. त्यातल्याच कुणाचा तरी हात. शोधायचा कुणाला आणि सापडला तर करायचं काय? नळ बंद करायचे? आपलेच दात, आपलेच ओठ. बाहेरून त्याने पाण्याचा टँकरही सांगून बघितला, तो वाटेतल्या गावाने अडवून रिकामा करून परत पाठवला. टँकरवाल्याने हात जोडले. शेठ काय बोलणार? त्या गावालाही तहान होतीच.

ताई दुपारी आली. कापलेल्या पाइपाचे तुकडे मोळीसारखे बांधून डोक्यावर घेऊन आली आणि दुकानाच्या मागच्या दाराशी ठेवले.

"घे. कुठंतरी जोडाला होतील."

"ताई, बस." त्याने स्टूल पुढे केलं. कारागीर जेवायला गेले होते. दुकानात दोघंच. "तुला एक सांगायचंय. गावाला सांगून बसलो, पण तुझ्यासमोर तोंड उघडेना. तुझी विहीर... तुझं पाणी माझ्या बोअरने—"

"माहीत आहे मला."

"गावातून कळलं?"

"गावाच्या आधीपासून. उन्हाळा लागला तेव्हापासून." ताई सावकाश बोलत होती. "लाईट गेली की झरा वाजायचा. लाईट आली, तुझी टाकी वाजायला लागली, की झरा बंद. मी काय बहिरी आहे?"



"मग मोटार जळली ती..."

"लाईट आली की तुझी मोटार आपोआप सुरू होते. मी आपली बटणावर हात ठेवून बसायची. म्हटलं, तुझ्याबरोबरच सुरू केली तर खाली जायच्या आधी थोडं आपल्याही पदरात पडेल. दोनदा डोळा लागला. अंगात त्राण नसतं बघ उन्हात. तेवढ्यात पाणी संपलं आणि ती कोरडी फिरत राहिली." ती जराशी हसली. "तुझं बरोबर होतं. कोरडीच चालवली मी."

"अगं, मग बोलली का नाहीस! मी त्या दिवशी चार माणसांत तुला... पंख फुटले का म्हणालो!" शेठचा आवाज फाटला. "एक शब्द बोलायचं होतंस!"

"काय बोलू? बोअर बंद कर म्हणू?" ताईने हाताने नळांच्या भिंतीकडे दाखवलं. "वर आईचं नाव टाकायला मीच सांगितलं ना? आता त्या नावाखालून माणसं रिकाम्या भांड्याने परत जातील ते मी बघू? आपली घागर लवंडली होती ते तू विसरला असशील, मी नाही विसरले."

"मी नाही विसरलो ताई. त्याच्यासाठीच तर केलं सगळं."

"तेच म्हणते."

 फळीवर ताईची मोटार ठेवलेली होती. शेठने ती पुन्हा भरली होती, इतकी देखणी की कारागीर येऊन बघून गेले होते. तार तारेला चिकटून, गाठी एका रेषेत. ताईचं लक्ष तिकडे गेलं.

"झाली वाटतं."

"झाली."

"छान केलीयस," ताई म्हणाली. उठली, मोटारीवरून हात फिरवला आणि तिथेच ठेवून निघून गेली.

त्यानंतर बाग जायला फार दिवस लागले नाहीत. आधी पानं गळाली, मग फांद्या वाळल्या, आणि वाळक्या फांद्यांचे काटे तेवढे उरले. विहिरीच्या तळाला भेगा पडल्या. झाडं जळणाला कुणी विकत घेतो का, म्हणून भाची चौकशी करून गेली. ती मामाच्या दारावरून गेली, आत आली नाही. शेठने माडीवरून तिला जाताना पाहिलं.  हाक मारून सांगणार काय होता?

ताईला दुकानात कामाला ये म्हणावं, तर ती येणार नाही. घरी राहायला ये म्हणावं, तर त्याहून नाही. बायको जेवण घेऊन गेली तर ताईने डबा ठेवून घेतला, पण दुसऱ्या दिवशी तो घासूनपुसून, मूठभर वाळकी लिंबं घालून परत पाठवला. बायको तो डबा कितीतरी वेळ हातात धरून बसली. शेठ धंद्याला बसत होता, मोटारी भरत होता, आल्यागेल्याशी हसत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो असा असतो.

आणि मग एका सकाळी शेठ दुकान उघडायला खाली आला तेव्हा नळांच्या रांगेत ताई उभी होती.

हातात प्लॅस्टिकचा कॅन, डोक्याला तेच फडकं. घरात प्यायलाही आता विहीर उरली नव्हती, तेव्हा येणारच होती ती. येणार हे त्याला कळायला हवं होतं. 

"अहो ताई, तुम्ही कशाला रांगेत?" टेलरची बायको म्हणाली. "शेठच्या बहीण तुम्ही. या, पुढं या."

"नाही, नाही. माझा नंबर मागं आहे."

"द्या गं वाट त्यांना!"

"राहू दे," ताई म्हणाली. "त्या बाळंतिणीला जाऊ दे आधी."

रांग पुढे सरकत राहिली. शेठला वाटलं धावत जावं, कॅन हिसकावून घ्यावा, भरून तिच्या दारात नेऊन ठेवावा. पण तसं केलं तर ती रांगेतून निघून जाईल, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो मोटारीच्या ढिगाशी उभा राहिला, उगाच एक नट काढत आणि पुन्हा लावत. ताईचा नंबर आला. तिने कॅन नळाखाली धरला. टाकीतून पाणी आलं, स्वच्छ, गार, तिच्याच रानातलं, तिच्याच विहिरीतलं. कॅन भरला. तिने झाकण लावलं आणि नळ बंद केला. नळ बंद होऊनही ठिबकत होता. तिने पुन्हा घट्ट पिळला, तरी थेंब पडतच राहिले. ती वाकून बघत होती.

"बारक्या," तिने हाक मारली.

सगळी रांग शेठकडे वळली.

"हा नळ गळतोय रे. वायसर बदल. वाया जातंय."

शेठ पाना आणि वायसर घेऊन आला. गावातली सगळी माणसं बघत असताना तो नळासमोर गुडघ्यांवर बसला. डोळ्यांत पाणी इतकं साठलं होतं की पाना नटावर बसेना. बाजूलाच ताईचे पाय होते, टाचांना भेगा पडलेले, मातीने माखलेले. तो मान खाली घालून वायसर चाचपत राहिला. ताई कॅन कमरेवर घेऊन चालायला लागली.

"शेठ, लवकर करा हो," मागून कुणीतरी ओरडलं. "रांग मोठी आहे."

"हो हो," शेठ म्हणाला. "झालंच."